व्हिक्टोरियन काळातील सूर्यघड्याळ-होकायंत्र: खरेपणा कसा तपासावा?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)
खिशात मावणारी जुनी सूर्यघड्याळे आणि होकायंत्रे जमवण्यास मी नुकतीच सुरुवात केली असून माझ्याकडे सध्या दोनच नग आहेत. पहिला पितळी आहे. त्याच्या झाकणावर लंडनच्या एका निर्मात्याचे नाव व १८८५ हे साल, तर आतल्या बाजूस एक इंग्रजी कविता कोरलेली आहे. त्यासाठी मी साडेसहा हजार रुपये मोजले. दुसरा महोगनीच्या चौकोनी डबीत असून त्यात सुईऐवजी तासांच्या रेघा छापलेली कागदी चकतीच फिरते आणि तिच्यावर छोटा पितळी शंकू (वेळ दाखवणारी सावली पाडणारी तिरपी पट्टी) उभा आहे. त्यावर नाव-साल काहीच नसल्याने विक्रेत्याने तो पहिल्यासोबत जवळजवळ फुकटच दिला. यांचा खरेपणा कसा तपासावा आणि पितळेवरील हिरवट डाग पितांबरीने घासावेत का?

उत्तर (वाशी)
घासू नका, कारण जुन्या पितळेवरची छटा एकदा गेली की परत येत नाही. पहिल्या नगाबद्दल मात्र वाईट बातमी आहे. अशा झाकणांवर बहुधा जी कविता असते ती विसाव्या शतकातील आहे, त्यामुळे तिच्याशेजारी १८८५ हे साल असूच शकत नाही. असे नग उत्तराखंडातील रुरकी येथे आजही मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि शोभेची वस्तू म्हणून विकले गेले तर त्यात गैर काहीच नाही. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचे चिन्ह असेल तर तो स्क्रू १९३० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा समजावा.

उत्तर (ऐरोली)
मला तर दुसऱ्या नगातच रस आहे. अशा यंत्रात चुंबक चकतीच्या खाली असतो आणि तो बाराच्या रेघेला समांतर न बसवता त्या काळच्या दिक्पाताइतका (म्हणजे खरी उत्तर आणि चुंबकसुईची उत्तर यांतल्या कोनाइतका) तिरपा बसवलेला असतो. लंडनमध्ये १८५० च्या सुमारास चुंबकसुई खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेस सुमारे २२ अंश वळत असे आणि १९०० पर्यंत हा कोन साडेसोळाच्या आसपास आला. ठाण्यात आज दिक्पात एका अंशाहूनही कमी आहे, म्हणून लंडनसाठी केलेल्या चकतीची बाराची रेघ आपल्याकडे उत्तरेऐवजी पूर्वेकडे कललेली दिसली पाहिजे. हा कल मोजल्यास अंदाजे काळही कळतो. नक्कल करणारा एवढी खटपट सहसा करत नाही. शंकूचा कोनही पाहा, कारण तो अक्षांशाइतका असतो: लंडनसाठी साडेएकावन्न अंश, ठाण्यासाठी एकोणीस. मापन मोकळ्या मैदानात करा. इमारतीच्या गच्चीवर स्लॅबमधील सळ्या सुईला फसवतात.

प्रश्नकर्ता
काल सकाळी सेंट्रल मैदानात दुसऱ्या नगापासून चार-पाच फुटांवर एक वेगळे होकायंत्र ठेवून शाळेच्या कोनमापकाने तीनदा मोजले. रेघ पूर्वेकडे १७ ते १९ अंश कलते आणि शंकूचा कोन ५१ च्या आसपास येतो. वेळ मात्र मनगटी घड्याळाशी अजिबात जुळली नाही.

उत्तर (ऐरोली)
ती जुळणारच नाही. एकतर अक्षांश लंडनचा आहे. शिवाय भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची असल्याने ठाण्याचा सूर्य तिच्यापेक्षा सरासरी ३८ मिनिटे मागे असतो, आणि ऋतूनुसार त्यात पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत फरक पडतो. तुमच्या मापनावरून हा नग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन दशकांतील दिसतो. मोजमापातील एक-दोन अंशांची चूक गृहीत धरूनही १८५० पर्यंत तो मागे जात नाही.

उत्तर (वाशी)
अभिनंदन. आता ही डबी मोबाइलच्या स्पीकरपासून आणि इतर होकायंत्रांपासून दूर ठेवा, नाहीतर चुंबक क्षीण होतो किंवा त्याचे ध्रुवही उलटतात. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कागदी चकतीला बुरशी लवकर लागते, म्हणून जवळ सिलिका जेलची पुडी असू द्या. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातील नातेवाइकांना भेट देण्याचा विचार असल्यास आधी चौकशी करावी.