पहिली सेकंडहँड ट्रायल्स गाडी, बजेट ७० हजार, सातारा. काय घेऊ?

ओढ्याकाठचा_सातारकर

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय. वय २४, उंची पाच फूट पाच, वजन ५८ किलो. राहायला साताऱ्यात, शेती लिंब गावात. दोन वर्षं झाली ट्रायल्सचं वेड लागलंय, टोनी बोचे व्हिडिओ बघून सुरुवात झाली, २००७ पासून तो माणूस वर्षामागून वर्ष जागतिक विजेता होतोय आणि बघताना वाटतं गाडीला वजनच नाही. मला स्पीड नकोय, लडाख पण नकोय, पाय खाली न टेकवता दगडावरनं, ओढ्यातनं, बांधावरनं गाडी हळूहळू काढायची ती ट्रायल्सची कला शिकायची आहे. शेताशेजारी दोन एकर माळ पडीक आहे, खाली ओढा, काळे दगड पाहिजे तेवढे, त्यामुळं जागेचा प्रश्न नाही.

गाडीचा आहे. गॅस गॅस, बीटा, शेरको, मॉन्टेसा या खऱ्या ट्रायल्स गाड्या आपल्याकडं शोरूममध्ये जाऊन घ्याव्यात अशी सोयच नाही आणि बाहेरून आणायची म्हटलं तर आपल्या आवाक्यातलं काम नाही. म्हणून इथल्याच जुन्या गाड्यांत बघतोय. हेल्मेट, बूट, टायर सगळं धरून ७० हजार आहेत. सध्या तीन गाड्या नजरेत आहेत. एक बुलेट ट्रायल्स ३५०, २०१९ ची, मालक १ लाख १० सांगतोय, घरचे म्हणतात वरचे पैसे आम्ही घालतो पण गाडी नावाची घे. दुसरी यामाहा आरएक्स १००, १९९५ ची, ७५ हजार. तिसरी हिरो इम्पल्स २०१२ ची, कोरेगाव साइडला, ४२ हजार. मित्र म्हणतोय नावातच ट्रायल्स आहे तर बुलेटच घे. माझा जीव आरएक्सवर आहे. कुणी खरंच हळू, दगडातली रायडिंग केली असेल तर सांगा.

कराडचा_क्लच

भावा बुलेट सोड. नावाला इतिहास आहे, तो खोटा नाही, जॉनी ब्रिटननं रॉयल एनफिल्डवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही सहा दिवसांची ट्रायल्स स्पर्धा १९५२ आणि १९५७ अशी दोनदा जिंकली, त्याचीच आठवण म्हणून २०१९ ला ते मॉडेल काढलं होतं. पण ते रूप आहे, लाल चॅसी, वर उचललेला सायलेन्सर, मागं कॅरिअर. खाली तीच बुलेट, १८५ किलोच्या वर वजन. तू ५८ किलोचा. खरी ट्रायल्स गाडी ७० किलोच्या आसपास असते, सीट जवळपास नसतेच, टाकी दोन-तीन लिटरची. रायडर तिला उचलून बाजूला ठेवू शकतो म्हणून ते सगळं जमतं.

गुण कसे मोजतात बघ म्हणजे गाडी कशी निवडायची ते आपोआप कळेल. ठरवून दिलेल्या टप्प्यात एकदा पाय टेकला की १ दंड, दोनदा टेकला की २, त्याच्या पुढं कितीही वेळा टेकला तरी ३, आणि पडलास किंवा टप्पा पूर्णच झाला नाही तर ५. सगळ्यात कमी दंड तो जिंकला. यात टॉप स्पीड कुठंय सांग. चालायच्या वेगाला इंजिन बंद न पडता ओढतंय का, हँडल पूर्ण वळतंय का आणि तोल गेला तर एका पायावर गाडी सावरता येतीय का, एवढंच बघायचं. बुलेटचं इंजिन खालच्या आरपीएमला सुंदर ओढतं हे मान्य, पण ओल्या दगडावर ती एकदा कलली की तुझ्या बापाला नाही सावरायची.

मिरजेचं_गॅरेज

माझं छोटं गॅरेज आहे, रोज आरएक्स हाताखालून जातात म्हणून लिहितो. आरएक्स हलकी आहे, शंभर किलोच्या जवळपास, ९८ सीसीत ११ हॉर्सपॉवर, आणि उचल अशी की माणूस प्रेमात पडणारच. पण तिची ताकद वर आहे. एकदम कमी आरपीएमला दगडावर चढवताना ती गुदमरते, मग तुम्ही रेस वाढवता, मग ती एकदम उचलते आणि नवशिक्या मागं पडतो. दुसरं म्हणजे १९९६ ला बंद झालेली गाडी, आज हौसेच्या भावात विकली जाते. ७५ हजारांची आरएक्स ओढ्यात आपटायला मन होणार नाही सर. टाकीला पोचा पडला की रात्री झोप नाही लागायची. शिकायची गाडी अशी पाहिजे की पडली तर आधी स्वतःचा गुडघा बघावासा वाटेल, गाडी नंतर.

इम्पल्स वाईट नाही. १३४ किलो, ग्राउंड क्लिअरन्स भरपूर, इंजिन १५० सीसीचं हंक-सीबीझेड घराण्यातलं त्यामुळं इंजिनचे पार्ट अडत नाहीत. मागचा मोनोशॉक (एकच शॉकअप) आणि प्लास्टिक मात्र शोधत फिरावं लागतं. बघायला जाल तेव्हा मालकाला आधी सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, सायलेन्सरला हात न लावता इंजिनच्या फिनवर, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यांवर, हात ठेवा. कोमट लागली तर समजायचं की थंड इंजिन चालू व्हायला त्रास देतंय आणि ते तुम्हाला दिसू नये अशी इच्छा आहे. पुढची दोन चाकं दाबून... माफ करा, पुढचं चाक म्हणायचं होतं, पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली-वर करा, फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवर तेलाची रिंग दिसली की सील गेलं. मग मधल्या स्टँडवर किंवा विटांवर घेऊन मागचं चाक धरून आडवं हलवा, कट्-कट् लागलं तर स्विंगआर्मचं, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं, बुश गेलं. स्पोकवर पान्याची दांडी फिरवा, सगळ्या एका सुरात वाजल्या पाहिजेत, मध्येच बद्द आवाज आला तर ती तार ढिली आहे. कोनसेट (हँडलचं बेअरिंग), चेन-स्प्रॉकेट हे पाचशे-हजाराचं काम, त्यावर भाव पाडा पण त्यासाठी चांगली गाडी सोडू नका.

आणि कागद. चॅसी नंबर स्वतः घासून आरसीशी जुळवा, फोटोवर विश्वास नको. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला १५ वर्षं पूर्ण, मग पुन्हा नोंदणी आणि ग्रीन टॅक्स. जुन्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट, बसलीय का विचारा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात पडल्याशिवाय टोकन पण देऊ नका.

सांगलीची_रायडर

दादा, माझी उंची पाच दोन आहे आणि मी सुरुवात हिरो एक्सपल्स २०० वर केली. गाडी उत्तम आहे त्यात वाद नाही, २१ आणि १८ चे रिम, सस्पेन्शन लांब, २०१९ ची कार्ब्युरेटरवाली आता कधी कधी तुमच्या बजेटच्या जवळपास पण दिसते. पण १५४ किलो. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या मळ्याजवळच्या ओढ्यात शेवाळावर मागचं चाक सटकलं आणि गाडी डाव्या अंगावर आली. लागलं काहीच नाही. पण पाय खाली अडकलेला, पाणी गुडघ्याएवढं, आणि मला एकटीला ती उचलता येईना. पंधरा-वीस मिनिटांनी वैरण घेऊन चाललेल्या एका काकांनी हाक ऐकली. त्या दिवसापासून माझा एकच नियम, जी गाडी मला एकटीला चिखलात आडवी पडलेली उचलता येत नाही ती माझ्या शिकण्याची गाडी नाही. तुम्ही पण बघायला जाल तिथं मालकाच्या परवानगीनं गाडी गवतावर आडवी करा आणि उचलून बघा, दोनदा. दुसऱ्यांदा उचलताना खरं कळतं.

नंतर मी वर्षभर भावाच्या जुन्या स्प्लेंडरवर शिकले. हसू नका, ११० किलोच्या आसपास गाडी, खालच्या आरपीएमला बैलासारखी ओढते, पार्ट कुठल्याही गावात. पुढचं स्प्रॉकेट चौदा दात्यांचं तेरा केलं, मागचं थोडं मोठं, पहिला गिअर माणसाच्या चालीवर आला. उभं राहून आठाचा आकडा काढायचा, क्लचवर एकच बोट, मागचा ब्रेक हलका धरून ठेवायचा. क्लच इतका घासला जातो की ऑइल लवकर काळं पडतं, ते हिशोबात धरा, आणि चालायच्या वेगाला इंजिनला वारा लागत नाही त्यामुळं दहा-पंधरा मिनिटांनी बंद करून गार होऊ द्या.

टायरमधल्या हवेबद्दल. व्हिडिओत ट्रायल्सवाले मागं चार-पाच पीएसआय ठेवतात ते ऐकून मी पण हवा सोडली आणि ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून उपटला, कारण टायर रिमवर फिरला. त्यांचा मागचा टायर ट्यूबलेस आणि खास असतो. ट्यूबवाल्या गाडीला पंधराच्या खाली जाऊ नका.

घरात जुनी कुठली गाडी आहे का? ते तुम्ही लिहिलंच नाही.

ओढ्याकाठचा_सातारकर

ताई, आहे ना! चुलत्यांची स्प्लेंडर, २०१३ ची, गोठ्याशेजारी उभी. दोन वर्षांपासून दुधाला जायची बंद झालीय. कागद घरचेच. तिचा विचारच आला नव्हता.

कराडचा_क्लच

मग तुझे ४२ हजार वाचले की. ताई बरोबर सांगतायत, मी माझं म्हणणं त्यात मिळवतो. फक्त सस्पेन्शनची अपेक्षा ठेवू नको, स्प्लेंडरवर दोन फुटाच्या दगडावरून उडी मारायला गेलास तर रिमही जाईल आणि तूही. टाचेएवढे दगड, बांधाची चढ, ओढ्याची कड, एवढ्यावर सहा महिने सहज जातात. आणि कासला वगैरे घेऊन जाऊ नकोस कुणी कितीही म्हणालं तरी, ते पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरात जे उगवतं ते एका टायरखाली संपतं. वनखात्याच्या जागेत पण नको. तुला घरचा माळ आहे, नशीबवान आहेस.

ओढ्याकाठचा_सातारकर

रविवारी इम्पल्स तरी बघून आलो, मनात राहायला नको म्हणून. फोन करून सांगितलं होतं चालू करू नका, तरी फिनवर हात ठेवला तर चांगली गरम. मालक म्हणाले आत्ताच दुकानात जाऊन आलो. फोर्कवर तेलाची रिंग होती, ती चालली असती, पण आरसीवर बोजा तसाच आणि एनओसी "मिळून जाईल". आडवी करून उचलली, पहिल्यांदा उचलली, दुसऱ्यांदा कमरेत भरलं. नमस्कार करून निघालो.

घरी येऊन स्प्लेंडर बाहेर काढली. टाकीत गंज होता, पेट्रोल कुजकट वास मारत होतं, कार्ब्युरेटर उघडला तर तळाला चहाच्या साक्यासारखा थर. साफ करून, प्लग बदलून अकराव्या किकला चालू झाली, चुलते गोठ्यातून पळत आले. बूट, नी-गार्ड आणि हेल्मेटला १४ हजार काढून ठेवलेत, बाकीचे तसेच राहू देतो. काल संध्याकाळी माळावर आठ काढायला लागलो, विटा ठेवून, एका फेरीत सात वेळा पाय टेकला. मुरमावर पुढचं चाक गोट्यांवरून घसरल्यासारखं जातं, काळ्या दगडावर मात्र कोरडा असला की चिकटून बसतं, हा फरक पायाला लगेच कळतो.

गॅरेजवाले दादा, एक विचारायचं राहिलं, ऑइल कुठलं घालू? चुलत्यांकडं ट्रॅक्टरचा डबा आहे.

मिरजेचं_गॅरेज

ट्रॅक्टरचं अजिबात नको, कारचं पण नको. स्प्लेंडरचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑइलमधल्या घसरणाऱ्या रसायनांनी प्लेटा सटकायला लागतात आणि तुमचं तर सगळं काम क्लचवर. १०डब्ल्यू-३० घ्या, डब्यावर जासो एमए, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणारं, लिहिलेलं बघून. पहिलं ऑइल पंधरा दिवसांत काढून बघा, बोटाला चमकी लागली तर मिरजेला घेऊन या, क्लच प्लेटा माझ्याकडं आहेत.