मदत हवी आहे: वर्गातल्या स्मार्ट पॅनलचा टीव्ही झालाय

नमस्कार मंडळी,

मी कळव्याला मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. पट ५४. दिवाळीनंतर एका देणगीदारांनी मोठा पॅनल बसवून दिला. नारळ फुटला, फोटो निघाले. तो वापरायचा कसा, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

नेटचं रडगाणं नाही. पुस्तकातला क्यूआर कोड घरी स्कॅन करते, दीक्षा ॲपमध्ये व्हिडिओ उतरवते आणि फोन पॅनलला जोडते. अडचण पुढे आहे. व्हिडिओ लागला की वर्ग चिडीचूप. संपल्यावर "समजलं का?" विचारलं की एका सुरात "होऽऽ बाई!"

गेल्या आठवड्यात धाराविद्युतचा व्हिडिओ दाखवला. इलेक्ट्रॉन पळताहेत, मुलं खूश. दुसऱ्या दिवशी सहा-सहांचे नऊ गट केले, प्रत्येकाला एक सेल, दोन वायरी आणि टॉर्चचा बल्ब दिला. म्हटलं, पेटवा. दोनच गटांचा पेटला. बहुतेकांनी दोन्ही वायरी बल्बच्या बुडालाच टेकवल्या होत्या. एका मुलीने एकच वायर जोडली आणि वर मलाच म्हणाली, "बाई, घरी बल्बला एकच वायर येते की!" खोटं कुठे बोलली? त्या एका वायरीच्या पोटात दोन असतात हे ना व्हिडिओत होतं, ना मला सुचलं.

फळ्यापाशी असते तेव्हा निदान चेहरे दिसतात. पॅनल लावला की पडदे ओढायचे आणि मी अंधारात उभी, थिएटरातल्या डोअरकीपरसारखी.

तर मुलांना नुसतं बघायला न लावता विचार करायला कसं लावायचं? मुलांकडे फोन नाहीत, तास ३५ मिनिटांचा. वर्गात केलेलं असेल तेच सांगा. ॲपच्या याद्या नकोत, त्या ग्रुपवर रोज येतात.

ऐरोलीचा मास्तर:
ताई, व्हिडिओ शेवटी लावा. आधी पॅनलवर जोडणीच्या चार आकृत्या काढा, त्यातली एक तुमच्या मुलांनी केलेली चूक. कोणता बल्ब पेटेल? उत्तर बोटांनी, एक ते चार, हात छातीशी, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बोटं बदलत नाहीत. बरोबर कोण ते लगेच सांगू नका. दोन मिनिटं शेजाऱ्याशी भांडू द्या, मग पुन्हा बोटं. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१मध्ये भौतिकशास्त्र असं शिकवायला सुरुवात केली. जवळजवळ सगळ्यांचं पहिल्याच फेरीत बरोबर आलं तर पुढे जा, फारच थोड्यांचं आलं तर भांडणात वेळ न घालवता पुन्हा शिकवा. आणि पडदे उघडे ठेवा, पॅनलचा ब्राइटनेस वाढवा.

वाशी सेक्टर ९:
ॲप नको म्हणालात तरी दोन गोष्टी सांगतेच. प्लिकर्समध्ये मुलांकडे छापील कार्डं असतात. उत्तराची बाजू वर धरायची, आपण फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, कोणी काय उत्तर दिलं ते दिसतं. दोघांत एक कार्ड द्या, २७ कार्डांत काम होईल. दुसरं म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग. २००२ साली नोबेलविजेते कार्ल वायमन यांनी सुरू केलं. त्यातला सर्किटचा खेळ फाईल म्हणून उतरवला की नेटशिवाय चालतो. पण पॅनलला हात तुम्ही लावायचा नाही. एका मुलाला पुढे बोलवा, बाकीची मुलं सांगतील तिथेच त्याने वायर जोडायची, चुकली तरी.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. काल बोटांवर घेतलं. पहिल्या फेरीत "दोन्ही वायरी बुडाला" या आकृतीला निम्म्याहून जास्त बोटं! मग जो गोंगाट झाला की शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. मागच्या बाकावरचा एरवी तोंड न उघडणारा मुलगा उठून सांगत होता की एक वायर बल्बच्या पत्र्याला लागली पाहिजे, त्याच्या काकांचं रिपेअरिंगचं दुकान आहे म्हणे. दुसऱ्या फेरीत ती बोटं सात-आठवर आली. व्हिडिओ शेवटची चार मिनिटं लावला, तर मीच थांबवायच्या आधी मुलं म्हणाली, "थांबवा बाई, इथे थांबवा!"

आता नवी अडचण. गडबडीत तीन बल्ब फुटले. दुकानात गेले तर सगळीकडे एलईडी. पांढरा एलईडी एका दीड व्होल्टच्या सेलवर पेटत नाही आणि उलटा जोडला तर मुळीच नाही, म्हणजे मुलं आणखी गोंधळणार. तारेचे जुने टॉर्चचे बल्ब ठाणे स्टेशनच्या आसपास कुठे मिळतील? की मुंबईत लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठावा लागेल?