बिअर गेममधील खर्चावर गुण द्यावेत का?

प्रश्न

व्यवस्थापन पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला मी पुरवठा साखळी व्यवस्थापन शिकवतो. बुलव्हिप इफेक्टची (ग्राहकांच्या मागणीतला छोटा बदल साखळीत मागे कारखान्यापर्यंत जाताना ऑर्डरींत मोठा होत जाणे) व्याख्या आणि कारणे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत व्यवस्थित लिहितात. परंतु मागणी थोडी वाढल्याचे उदाहरण समोर ठेवले की त्यांतलेच बहुतेक जण ऑर्डर दुप्पट करायला निघतात. म्हणून या सत्रात बिअर गेम, म्हणजे पुरवठा साखळीतल्या चार भूमिका वाटून घेऊन दर आठवड्याच्या ऑर्डरी देण्याचा खेळ, घेण्याचा विचार आहे. दीड-दीड तासाच्या दोन तासिका हाती आहेत. खेळ टेबलावर पट मांडून घ्यावा की संगणकावर, ही पहिली शंका. दुसरी अधिक महत्त्वाची आहे: ज्या संघाचा एकूण खर्च सर्वांत कमी, त्याला जास्त गुण द्यावेत का? गुण नसतील तर कोणी मनावर घेणार नाही, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे.

उत्तर १

खर्चावर गुण देऊ नयेत. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना या चौघांनी ऑर्डरच्या चिठ्ठीखेरीज एकमेकांशी काहीही बोलायचे नाही, यावर हा खेळ उभा आहे; गुण जोडले की खाणाखुणा सुरू होतात आणि खेळाचा जीवच जातो. चुरशीची काळजी नसावी, ती आपोआप येते.

अमेरिकेतील एमआयटीच्या स्लोन स्कूल या व्यवस्थापन विभागात १९६०च्या सुमारास प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या गटाने हा खेळ तयार केला. (बिअरच्या जागी दुसरा कोणताही माल धरला तरी काही बिघडत नाही.) प्रत्येकाकडे सुरुवातीला १२ पेट्या साठा असतो. ग्राहकांची मागणी पहिले चार आठवडे ४ पेट्या असते, पाचव्या आठवड्यापासून ८ होते आणि नंतर शेवटपर्यंत बदलत नाही. एक पेटी आठवडाभर सांभाळण्याचा खर्च अर्धा डॉलर, तर न पुरवता आलेल्या पेटीचा एक डॉलर. एवढ्या साध्या मांडणीत काय घडते ते वितरकाच्या नोंदपत्रकात पाहावे: थकलेली मागणी वाढते तशा त्याच्या ऑर्डरी १०, १६, २५ अशा चढत जातात, आधी मागवलेला माल वाटेतच असतो, आणि तो सगळा एकदम येऊन पडला की पुढे आठवड्यांमागून आठवडे तो शून्य लिहीत बसतो. एमआयटीचेच प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संघांचा सरासरी खर्च शक्य असलेल्या किमान खर्चाच्या सुमारे दहापट निघाला होता. मागवलेला पण हाती न आलेला माल खेळाडू पुरेसा हिशेबात धरत नाहीत, हे त्यांनी दाखवलेले मुख्य कारण.

खरे शिकवणे खेळ थांबल्यावर होते. खरी मागणी उघड करण्यापूर्वी किरकोळ विक्रेता सोडून बाकी सर्वांना कोऱ्या आलेखावर ग्राहकांची मागणी कशी असेल ते काढायला सांगावे. बहुतेक जण मोठे चढ-उतार काढतात. त्यानंतर ४ वरून ८ वर गेलेली ती एकच पायरी दाखवली की ‘ग्राहकच लहरी होता’ ही तक्रार तिथल्या तिथे संपते. आणखी एक सूचना: ५० आठवडे खेळायचे असे जाहीर करून ३५-३६ व्या आठवड्याला थांबवावे, नाहीतर शेवट जवळ आला म्हणून मंडळी साठा संपवायला लागतात.

उत्तर २

पहिल्यांदा टेबलावरच घ्यावा. आपल्याकडे येणारा माल पटावर एकेक घर पुढे सरकताना डोळ्यांसमोर दिसतो आणि तरीही खेळाडू पुन्हा तेवढाच मागवतो, ही गोष्ट संगणकाच्या पडद्यावर तितकी बोचत नाही. बेरजा मात्र चुकतात, त्या तपासायला एक सहायक ठेवावा. संगणकाचा उपयोग दुसऱ्या फेरीसाठी आहे, कारण तिथे सर्वांना सर्वांचा साठा पाहू देऊन फरक तपासता येतो. क्रोसन आणि डोनोह्यू या संशोधकांच्या २००६ मधील प्रयोगांत साठ्याची माहिती खुली केल्यावर चढ-उतार कमी झाले, पण नाहीसे झाले नाहीत.

उत्तर ३

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त एक इशारा द्यावासा वाटतो. ली, पद्मनाभन आणि वँग या संशोधकांनी १९९७ मध्ये बुलव्हिपची चार कारणे मांडली: मागणीचे अंदाज वारंवार बदलणे, ऑर्डरी साठवून एकदम देणे, किमतींतील चढ-उतार, आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागवणे. बिअर गेममध्ये किमती बदलत नाहीत, ऑर्डर दर आठवड्याला द्यावीच लागते आणि तुटपुंजा माल वाटून घेणारा दुसरा ग्राहकही नसतो. त्यामुळे फक्त खेळ घेऊन थांबल्यास ‘घाबरू नका, म्हणजे झाले’ एवढाच अर्थ विद्यार्थी काढतात. सवलतीच्या योजना आणि पूर्ण ट्रक भरण्याचा आग्रह यांवर दुसऱ्या तासिकेत वेगळा वेळ द्यावा.

गुण द्यायचेच असतील तर टिपणावर द्यावेत. विद्यार्थ्याने स्वतःच्या ऑर्डरींचा आलेख जोडावा, त्यातले दोन-तीन आठवडे निवडून त्या वेळी आपल्याला काय ठाऊक होते ते लिहावे, आणि हातातला साठा, वाटेतला माल व थकलेली मागणी तिन्ही धरणारा ऑर्डरचा नियम मांडून तेच आठवडे पुन्हा गणित करून दाखवावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पहिल्या तासिकेत पट, दुसरीत चर्चा आणि टिपणावर गुण असे ठरवतो. वर्गात संख्या जास्त असल्याने एका भूमिकेत दोघे बसवले तर चालेल का?

उत्तर १

अवश्य बसवावेत. ऑर्डर लिहिण्यापूर्वी दोघांना आपापसांत हळू आवाजात कारण सांगावे लागते आणि तेच नोंदपत्रकाच्या समासात लिहून घेतले तर टिपणासाठी आयता मजकूर मिळतो. तिघे मात्र नकोत, तिसरा नुसता बघत बसतो.