मदत हवी आहे: कण्यासाठी सपाट झोपायचं की पित्तासाठी उशाकडून उंच?

नमस्कार. मी इंदूरची, वय ३९, शाळेत शिकवते. नऊ वर्षांपासून अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिस आहे, म्हणजे पाठीच्या कण्याचा आणि माकडहाडाजवळच्या सांध्यांचा संधिवात. हा आजार पडून राहिलं की वाढतो आणि हिंडतंफिरतं राहिलं की हलका होतो. पहाटे अंग लाकडासारखं आखडलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यापासून त्यात पित्ताची भर पडली आहे. रात्री दोनच्या सुमारास आंबट पाणी घशाशी येतं, ठसका लागून जाग येते, मग छातीत जळत बसते. एंडोस्कोपी झाली. पोटात व्रण नाही, पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आहे. पोटातलं आम्ल कमी करणारी पँटोप्राझोल चालू आहे.

माझी अडचण अशी की एका आजाराचं पथ्य दुसऱ्याला चालत नाही. संधिवाताचे डॉक्टर सांगतात, कडक गादीवर सपाट झोपा, उशी पातळ घ्या आणि रोज पंधरा मिनिटं पालथं पडा, म्हणजे कणा वाकणार नाही. पोटाचे डॉक्टर म्हणतात, डोक्याकडची बाजू उंच करा, डाव्या कुशीवर झोपा. डावा खुबाच तर माझा दुखरा! त्या कुशीवर दहा मिनिटंसुद्धा टिकत नाही. उंचीसाठी तीन उशा घेऊन पाहिल्या, तर मान धरली आणि कमरेत दुमडल्यामुळे जळजळ उलट वाढली.

सकाळचंही असंच. पँटोप्राझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची, दुखण्याची गोळी खाऊन झाल्यावर. शाळा सव्वासातला. म्हणून साडेपाचला उठते, अर्धा तास ओट्याला धरून उभी राहते, मग दोन घास खाऊन गोळी. तिचा गुण यायला तासभर लागतो, तोवर मी फळ्यासमोर असते. हात वर करून पहिली ओळ लिहिणं फार जड जातं.

खाण्याबद्दल थोडं. आमच्या घरी रविवारी पोहे-जलेबी ठरलेली. वर शेव, जीरावन, कच्चा कांदा. ते मी सोडलं. सासूबाई माझ्यासाठी बिनमिरचीचे पोहे वेगळे काढतात, ही त्यांची माया. पण यजमान दुकान बंद करून येईपर्यंत जेवायला साडेनऊ होतात आणि त्यांच्याआधी एकटीनं जेवायला मला कसंतरी वाटतं.

एक चूक कबूल करते. दिवाळीत कंबर फार दुखली म्हणून नेहमीच्या गोळीवर आयब्युप्रोफेन घेतली. दोन्ही एकाच जातीच्या, हे तेव्हा माहीत नव्हतं. आठ दिवस पाणीसुद्धा जळत उतरत होतं.

दोन्ही दुखणी सांभाळणारं कुणी आहे का इथे? झोपता कसे? गोळ्यांच्या वेळा कशा बसवल्या? थंड दूध आणि ओवा करून झाला आहे, कृपया ते सुचवू नका.

प्रतिसाद, बडोद्याहून:
ताई, मला आमवात आहे, सोबत हीच जळजळ. उशा काढून टाका. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा इंचांचे ठोकळे ठेवा. अख्खा पलंग कलतो, त्यामुळे पाठ सरळच राहते आणि दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं पाळलं जातं. मी सुताराकडून सागाचे करून घेतले, वर वाटीएवढा खड्डा कोरून, म्हणजे पाय घसरत नाही. विटा नकोत, सरकतात. डावी कूस जमत नसेल तर उताणं झोपा. उजवी मात्र टाळा, तिच्यावर पाणी जास्त वर येतं. पालथं पडणं संध्याकाळी जेवणाआधी उरका.

जेवण आणि झोप यांत तीन तास हवेतच. साडेसातला जेवा आणि यजमान आले की त्यांच्यासोबत ताक घेऊन बसा.

दुखण्याची गोळी मनानं बंद करू नका. ती पोटाच्या अस्तराचं रक्षण करणारं द्रव्य कमी करते, आणि हे रक्तातून होतं, म्हणून भरल्या पोटी घेऊनही पूर्ण सुटका नाही. पोटाला कमी त्रास देणारी गोळी चालेल का, किंवा रात्रीच्या जेवणानंतर घेता येईल का, हे विचारा. मी तसंच विचारलं आणि माझी सकाळ सुटली. पँटोप्राझोल फार दिवस चालणार असेल तर बी-१२ तपासून घ्या. दोन्ही डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांचा एकच कागद दाखवा. शौचाला काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, घास अडकू लागला किंवा वजन उतरलं तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार. रात्रीच्या गोळीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, शनिवारी विचारते. साडेसातचं जेवण कालपासून सुरू केलं, सासूबाई आपणहून माझ्यासोबत बसल्या. आमचा पलंग पेटीचा आहे, त्याला पाय नाहीत, आत रजया आणि गौरींचे मुखवटे. पण माळ्यावर सासऱ्यांची लोखंडी खाट आहे, ती उतरवतो आहोत. एवढंच सांगा, उतारावर रात्री खाली घसरायला होतं का, आणि अंगवळणी पडायला तुम्हाला किती दिवस लागले?