शब्दचर्चा: जनुक ‘बंद’ की जनुक ‘मुके’?

पऱ्हाटी: ‘जीन सायलेन्सिंग’साठी, म्हणजे जनुक असूनही त्याचं प्रथिन बनू न देण्यासाठी, मराठीत तीन शब्द दिसतात: जनुक बंद करणे, शांत करणे, मुके करणे. कापसाच्या पाठात कोणता घ्यावा? आणि जनुकाची जी नक्कल वाचून प्रथिन बनतं, त्या ‘मेसेंजर आरएनए’ला ‘निरोप्या’ म्हटलं तर?

ओलित: ‘बंद’ नको. विहिरीवरची मोटर चालू आहे, पाणी दांडात उतरलं आहे, पण दांड मधेच फुटला तर वाफा कोरडाच राहतो. पेशीत तसंच घडतं. जनुकावरून आरएनएची नक्कल निघत राहते, पण तिचं प्रथिन व्हायच्या आधीच ती कापली जाते. दुपदरी आरएनए सापडला की डायसर हे विकर त्याचे छोटे तुकडे पाडतं, वनस्पतीत बहुतेक 21 ते 24 अक्षरांचे (अक्षर म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक दुवा). तुकड्याचा एक पदर आर्गोनॉट प्रथिन धरून ठेवतं आणि त्या पदराशी जुळणारा आरएनए कापतं. तोंड आहे, पण बोल बाहेर पडत नाही. म्हणून ‘मुके’.

धुरा: थोडी दुरुस्ती. 21-22 अक्षरांचे तुकडे निरोप कापतात, हे खरं. 24 अक्षरांचे तुकडे मात्र डीएनएवरच मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा लावायला लावतात आणि मग नक्कलच निघत नाही. तिथं मोटरच्या पेटीलाच कुलूप लागतं. त्या ठिकाणी ‘बंद’ बरोबर आहे. पाठात दोन्ही शब्द ठेवा, पण एकाच्या जागी दुसरा वापरू नका.

ओलित: मान्य. ‘निरोप्या’ मात्र टाळा. निरोप्या निरोप सांगून परत जातो. हा आरएनए स्वतःच चिठ्ठी आहे: प्रथिन बनवणारे रायबोसोम ती पुन्हा पुन्हा वाचतात, मग ती मोडली जाते. पुस्तकातला ‘संदेशवाहक’ परीक्षेपुरता राहू द्या, समजावताना ‘चिठ्ठी’ म्हणा.

सरकी: ‘नियंत्रण’ आणि ‘नियमन’ यांतही गल्लत होते. 1993 साली अँब्रोस आणि रुव्हकुन या शास्त्रज्ञांनी सूत्रकृमीत पहिला मायक्रोआरएनए, म्हणजे जनुकांवर लगाम ठेवणारा छोटा आरएनए, दाखवला. त्यासाठी 2024 चं नोबेल मिळालं. प्राण्यांतले मायक्रोआरएनए बहुतेक वेळा प्रथिनाची धार पूर्ण तोडत नाहीत, बारीक करतात. म्हणून ‘नियमन’.

पऱ्हाटी: कापसात हे डोळ्यांना दिसेल असं उदाहरण आहे का?

धुरा: आहे. टोबॅको रॅटल विषाणूत कापसाच्या सीएलए1 जनुकाचा तुकडा घालतात. पानाला हिरवेपणा देणारं हरितलवक घडण्यासाठी हे जनुक गरजेचं असतं. विषाणू वाहणारा ॲग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू बिनसुईच्या सिरिंजनं बीजपत्राच्या खालच्या बाजूनं सोडतात. रोप आठ-दहा दिवसांचं, खोली 23 ते 25 अंशांची. साधारण दोन आठवड्यांत नवी पानं पांढरी येतात. रोप जुनं असेल किंवा गरमी चढली तर पांढरेपणा ठिगळाठिगळानं येतो, म्हणून नमुना पांढऱ्या भागातूनच घ्यायचा. शेजारी रिकामा, म्हणजे जनुकाचा तुकडा न घातलेला, विषाणू दिलेलं रोप हवंच. नाहीतर विषाणूचा परिणाम कोणता आणि जनुकाचा कोणता, हे कळत नाही. पानं पांढरी झाली तरी डीएनएतलं जनुक शाबूत असतं. इथं ‘जनुक काढून टाकलं’ लिहिणं सरळ चूक.

सरकी: पाठात आणखी एक ओळ घाला: बीटी कापूस म्हणजे हे नव्हे. भारतात 2002 मध्ये आलेल्या बीटीत क्राय हे अळीला विषारी प्रथिन बनतं आणि ते बोंडअळीच्या आतड्यावर मारा करतं. अळीचं जनुक त्यात मुकं होत नाही. किडीचं जनुक मुकं करणारा दुपदरी आरएनएचा उपाय भुंग्यांवर चांगला चालतो. बोंडअळ्यांच्या आतड्यातली विकरं मात्र तो रेणू लवकर तोडतात.

पऱ्हाटी: मग वाक्य असं: ‘सीएलए1 मुके केल्याने नवी पाने पांढरी आली.’

ओलित: ‘केल्याने’ नेमकं आहे. ‘झाल्याने’ लिहिलं असतं तर ते आपोआप घडलं असं वाटलं असतं.