विषय: सहा कॅप आणि मनातली भीड

मंडळी, नमस्कार.
गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्ये हे घुसडायला नको, म्हणून वेगळी मेल. आमचे हे मंगळवारी दातांच्या नेहमीच्या सफाईला गेले आणि साडेनऊ हजार डॉलरचा कागद घेऊन आले. सहा दाढांना कॅप, शिवाय तोंडाच्या चारही भागांत डीप क्लीनिंग (हिरड्यांखालची सफाई). दुखत काहीच नाही. आमचा विमा वर्षाला १५०० च्या वर देत नाही. या आठवड्यात सही केली तर दहा टक्के सूट म्हणे (दातांवर सेल!). अडचण ही की डॉक्टर ओळखीतले, आमच्याकडे जेवून गेलेले. दुसरीकडे दाखवलं आणि त्यांना कळलं तर?
– एडिसनहून

ताई,
भीड भिकेची बहीण. त्यांच्याकडून एक्स-रे मागून घ्या, इथे अमेरिकेत कायद्याने ते मिळतातच, कारण सांगावं लागत नाही. हिरड्यांच्या मापांचा तक्ताही मागा. दात आणि हिरडी यांमधली फट किती खोल आहे, त्याचं प्रत्येक दाताला सहा ठिकाणी माप घेतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक असतं. डीप क्लीनिंगची गोष्ट साधारण ४ च्या पुढे निघते, आणि तेव्हाही एक्स-रेत हाड खाली गेलंय का ते बघायचं.
दुसऱ्या डॉक्टरांसमोर तो साडेनऊ हजारांचा कागद लगेच काढू नका. एक्स-रे द्या, भाऊजींना तोंड उघडायला सांगा आणि तुम्ही मिटून बसा. कागद दिसला की माणूस त्या कागदावरच बोलतो. 'काम तुमच्याकडे करणार नाही, फक्त मत हवंय' हेही फोनवरच सांगून टाका. खर्चाची काळजी असेल तर न्यूअर्कला रटगर्स विद्यापीठाचं डेंटल स्कूल आहे. विद्यार्थी तपासतात, वर प्राध्यापक बघतात. अर्धा दिवस जातो खरा.
– पिस्कॅटवे

सगळे डॉक्टर लुटायलाच बसलेत असा सूर लागतोय, म्हणून लिहितो. मी दुसरं मत घेतलं, मग तिसरं, मग 'बघू' म्हणत आठ महिने काढले. दाढेला बारीक चीर होती. चावताना फारसं नाही, चावा सोडताना कळ यायची. चीर मुळापर्यंत गेली आणि कॅपने वाचली असती ती दाढ काढावी लागली. दुसरं मत जरूर घ्या, पण पंधरा दिवसांत घ्या. सूज किंवा ताप आला तर मेल लिहीत बसू नका, सरळ जा.
– प्लेन्सबरो

डिसेंबरात पुण्याला जाताय ना? तिथेच करा की. तिकीट वसूल!
– एडिसन, जुने सभासद

काका, कॅपचं जमेल, इम्प्लांट असतं तर नसतं जमलं. स्क्रू हाडात बसायला काही महिने लागतात, आपली सुट्टी तीन आठवड्यांची. आणि एक गंमत ऐका. मी इथला कागद पुण्यातल्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप केला. इथे १४ नंबर म्हणजे वरची डावीकडची पहिली मोठी दाढ. तिकडे १४ म्हणजे वरची उजवीकडची छोटी दाढ. ते बिचारे चांगल्या दातावर दहा मिनिटं बोलले. नंबर नको, 'वरची डावी' असं लिहा.
– पिस्कॅटवे

मंडळी, जाऊन आलो. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंच्या मते कॅप दोनच दाढांना हव्यात. तिघींत जुनी चांदी आहे, ती सहा महिन्यांनी बघायची. एकीला काहीच नको. डीप क्लीनिंग फक्त खाली उजवीकडे. गंमत म्हणजे त्या दोनांतली एक दाढ 'ही तर ठणठणीत आहे' असं हे छातीठोक सांगत होते. बाईंनी दातांत काडी धरून चावायला लावलं आणि सोडताना हे खुर्चीतून उडालेच. (प्लेन्सबरोवाले दादा, आठवण झाली!) कॅप ओळखीतल्या डॉक्टरांकडेच करतोय. मी घाबरत फोन केला, तर ते म्हणाले, "दोन तर दोन, बाकीच्यांवर लक्ष ठेवू." इतकंच. सूट मात्र गेली.
– एडिसनहून