लाल गुलाबाला पांढरी फुलं

*अनगोळची आत्या:* फोटो बघा सगळ्यांनी. मार्चमधला आहे. अंगणातला आपला लाल गुलाब. पहिल्या वर्षी तळहाताएवढी फुलं दिली, आता झाड डोक्यावर गेलंय, खरं फुलं ही अशी! बारीक, पांढरी, घोसानं. मार्चनंतर एक कळी नाही. नर्सरीवाल्यानं फसवलं म्हणायचं की काय?

*निपाणीचे काका:* फसवलं नाही अक्का. वरचं कलम मेलं आणि खालचा रानगुलाब वाढला. उपटून टाक, दसऱ्याला नवीन आणू.

*खानापूरची काकू:* वन्सं, थांबा, उपटू नका. आधी बुडाशी वाकून बघा. खोडाला जाडसर गाठ दिसेल, तिथं रानगुलाबावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरलेला असतो. वाढलेल्या फांद्या त्या गाठीच्या वरून आल्यात की खालून?

*अनगोळची आत्या:* गाठ मातीतच गेलीय. उकरून बघितलं. वरचा भाग काळा, वाळलेला. सगळं खालून आलंय.

*खानापूरची काकू:* मग भावजींचं खरं आहे. गाठ मातीच्या वर दोन बोटं राहायला पाहिजे होती. आपल्याकडं जुलै-ऑगस्टात दिवस दिवस पाऊस ओसरत नाही, गाठ ओली राहिली की कुजते. रानगुलाब मात्र चिवट. तो वर्षातून एकदाच, थंडी सरताना फुलतो, म्हणून मार्चनंतर कळी नाही.

*पुण्याचा दादा:* एका देठाला सात पानं असली की रानटी आणि पाच असली की कलमी, असं ऐकलंय. तसं बघितलं असतं तर आधीच कळलं असतं ना?

*खानापूरची काकू:* त्यावर जाऊ नकोस रे बाळा. जोमदार कलमी फांदीलाही सात पानं येतात. तेवढ्यावर चांगल्या फांद्या कापून टाकलेली माणसं मी बघितलीत. फूट कुठून निघाली एवढंच बघायचं. आणि गाठीखालची फूट कात्रीनं कापली तर तिथून आणखी चार येतात. माती सारून मुळाशी धरायची आणि खाली ओढून काढायची.

*पुण्याचा दादा:* आत्या, मी ऑनलाइन मागवतो. पापा मेलँड. फोटोत काळपट लाल, अगदी मखमल!

*अथणीची ताई:* दादा, ती मखमल आमच्याकडं एप्रिलात करपते. माझ्याकडचा गडद लाल गुलाब दुपारच्या उन्हात कडेनं काळा पडतो. सकाळचं ऊन आणि दुपारी भिंतीची सावली अशा जागी कुंडी हलवली, तेव्हा कुठं पाकळ्या नीट राहिल्या. आईच्या अंगणात दिवसभर ऊन असतं.

*खानापूरची काकू:* पापा मेलँडचा वास मला सगळ्यांत आवडतो, खरं त्याला भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, लवकर धरते. त्याचं सख्खं भावंड घ्या, मि. लिंकन. दोघांचे आईबाप एकच, क्रायसलर इंपीरियल आणि चार्ल्स मॅलेरिन हे गुलाब. पापा मेलँड फ्रान्सात 1963 ला आला, लिंकन अमेरिकेत 1964 ला. लिंकन उंच, काटक, आणि वास भरपूर. क्रिश्चन डिऑरचं फूल देखणं, पण वास नावाला. लाल गुलाब आणि वास नाही, हे मला काही पटत नाही.

*निपाणीचे काका:* वैनी, ग्लॅडिएटर? शेतात तोच लावतात, मरत नाही.

*खानापूरची काकू:* काटक आहे भावजी, खरं लाल म्हणून विकतात आणि निघतो राणी रंगाकडं झुकलेला. वन्संना देवाला लालभडक हवा.

*अनगोळची आत्या:* होय, लालच. पण मग उपटायचा नाही म्हणालीस ते का?

*खानापूरची काकू:* कारण तो रानगुलाब म्हणजे तयार खुंट, कलम बांधायला लागणारं खालचं झाड, आहे वन्सं! मुळं जमिनीत घट्ट बसलीत, दोन पावसाळे काढलेत. विकतच्या पिशवीतल्या रोपाला एवढी मुळं कुठली? माझ्याकडं मि. लिंकन आहे. डिसेंबरात येते आणि डोळा भरून देते. पेन्सिलीएवढ्या जाड नव्या फांदीवर इंग्रजी टी सारखा काप घ्यायचा, साल सैल करायची, लिंकनचा डोळा सालीसकट आत सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधायचा, डोळा तेवढा उघडा. तीन आठवड्यांनी हिरवा राहिला तर धरला. मग वरची फांदी छाटायची म्हणजे सगळा जोर डोळ्यात येतो. दोन फांद्यांवर दोन डोळे भरू, एक गेला तरी एक राहील.

*निपाणीचे काका:* हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खत काय घालू, मी घेऊन येतो. हाडांची पूड?

*अनगोळची आत्या:* तुळशीशेजारी हाडांची पूड नको रे बाबा.

*खानापूरची काकू:* नकोच. चांगलं कुजलेलं शेणखत दोन पाट्या आणि मूठभर निंबोळी पेंड. आमची-तुमची तांबडी माती, पाणी झिरपतं खरं सत्त्वही वाहून जातं, त्यामुळं शेणखताला पर्याय नाही. तुम्ही तिकडची काळी माती आणू नका भावजी, ती पाणी धरून ठेवते. वन्सं, तोवर एक काम करा. बुडाभोवतीची माती सारून वाफा बाहेरच्या बाजूला उतरता करा, पुढच्या पावसाचं पाणी खोडापाशी थांबायला नको. चार जोमदार फांद्या ठेवा, बाकीच्या काढा.

*अथणीची ताई:* मामी, मलाही एक डोळा ठेवा ना.

*खानापूरची काकू:* ठेवते. तू आधी खुंट तयार कर. आईकडच्या काढून टाकायच्या फांद्यांतल्या वीतभर लांबीच्या चार काड्या घेऊन जा, कुंडीत तिरप्या खोच. आणि वन्सं, डिसेंबरात मी यायच्या आधी आठ दिवस झाडाला पाणी चुकवू नका. साल सुटायला पाहिजे.

*अनगोळची आत्या:* आत्ताच बादली घेऊन निघाले बघ.

*खानापूरची काकू:* आत्ता नको हो, पाऊस पडतोय की!